लेकुरवाळ्यांची सफर

‘सफर’ हा मूळचा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने तो आपल्या मराठीत येऊन कायमचा राहिला, आणि अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून तेथील स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ प्रवास. बंदूक, दुर्बीण व खाकी टोपी हा सारा सरंजाम त्यास गोऱ्या शिकाऱ्यांनी मागाहून चिकटविला. ह्याच भाषेत मोटारीस ‘गारी’, दुकानास ‘दुका’, चहास ‘चाय’ आणि पोळीस ‘चपाती’ म्हणतात, हे सांगितले म्हणजे घरातील मुलांस तो खंड एकदम शेजारच्या गल्लीत आल्यासारखा वाटू लागतो. सिंहास ‘सिंबा’ म्हणतात, हे ऐकून तर आमच्या येथील थोरल्या मुलाने संस्कृतचा विजय झाल्याचे जाहीर केले. तो शब्द बांटू भाषाकुलातला असून हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, असे त्यास समजावून सांगावे लागले. ते त्याने फारशा संतोषाने ऐकले नाही.

आम्ही मुरुडकर. मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांस जंजिऱ्याचे मुरुड आठवते. थोडे अधिक वाचलेल्यांस दापोलीचे मुरुड, जेथे अण्णासाहेब कर्व्यांचे बालपण गेले. आमचे मुरुड तिसरे. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, काळ्या जमिनीचे, तुरी-सोयाबीनचे आणि समुद्राशी काडीचाही संबंध नसलेले. तथापि दापोलीच्या मुरुडाचा येथे उल्लेख करण्यास कारण आहे. १९३० च्या डिसेंबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब मुंबईहून आफ्रिकेस निघाले आणि सुमारे सव्वा वर्ष केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका ह्या देशांत महिला विद्यापीठासाठी हिंडले. आमचे तीर्थरूप आबा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. हे उदाहरण त्यांस फारच सोयीचे वाटते, आणि घरात सफरीचा विषय निघाला की ते त्याचा सढळ हाताने उपयोग करितात.

घर एकत्र आहे. आबा, आई, दादा, वहिनी, आम्ही उभयता आणि अकरा, आठ, पाच व तीन वर्षांची चार मुले, अशी दहा माणसे. आफ्रिकेतील अरण्ये मुलांस एकदा दाखवावीत हा बेत आमच्याकडे बरेच दिवस घोळत आहे. पैशाची अडचण आहेच. परंतु तीहून मोठी अडचण वयाची. दादांचे म्हणणे असे की, तीन वर्षांच्या मुलास सिंह दाखविला काय आणि गोठ्यातले वासरू दाखविले काय, त्याच्या स्मरणात दोन्ही सारखीच राहाणार. सबब शेंडेफळ सात वर्षांचे होईपर्यंत थांबावे. हिशेब चुकीचा नाही. पण तोपर्यंत आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होतील, आणि थोरला दहावीत जाईल. दहावी-बारावीचे मूल घरात असता लातूरच्या मुलखात कोणी काशीससुद्धा जात नाही, हे ज्यांस ‘लातूर पॅटर्न’ ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको. ‘‘म्हणजे मधली जी दोन वर्षे आहेत तेवढीच आपली,’’ असे वहिनींनी एका वाक्यात मांडले, आणि त्या दिवसापासून बेतास निकड आली.

मग पत्रके आली. त्यांतील एक नमुना म्हणून सांगतो: दहा दिवस, चार अरण्ये, किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेली, मग नाकुरू सरोवर, मग मसाई मारा आणि शेवटी सरहद्द ओलांडून सेरेंगेटी. नकाशावर ही नावे बोटाएवढ्या अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात नैरोबीहून मारापर्यंत मोटारीने जावयाचे तर पाच-सहा तास लागतात, आणि एकट्या सेरेंगेटीचे क्षेत्र चौदा हजार सातशे चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे आमच्या सबंध लातूर जिल्ह्याच्या दुपटीहून किंचित अधिक आहे. प्रौढ माणूस असा प्रवास हौसेने करील. पण तीन वर्षांचे मूल दिवसाआड सहा तास धुळीच्या रस्त्यावर बसविले, तर त्याचे जेवण चुकते, झोप मोडते, आणि सायंकाळी हत्तींचा कळप समोर येऊन उभा राहिला तरी ते पाणी मागत रडत असते. लेकुरवाळ्यांच्या सफरीत प्राणी किती दिसले ह्यापेक्षा मुलाचा दिवस कसा गेला, हेच माप खरे, अशी माझी समजूत आहे. ह्या मापाने मोजू लागल्यावर पत्रकातील चार अरण्यांपैकी तीन आपोआप गळून पडली.

उरलेल्या एकाचीही परीक्षा झाली, ती पंचांगावरून. आपल्या शाळांस सुटी एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. केनिया व टांझानिया येथे मार्च ते मे हे नेमके मोठ्या पावसाचे महिने. काळ्या मातीच्या वाटा चिकट होतात, आणि काळ्या मातीत रुतलेले चाक म्हणजे काय हे मुरुडकरांस शिकवावयास नको. ज्या दृश्यासाठी जगभरचे लोक मसाई मारास धावतात ते, बैलाचे तोंड नि हरणाचे पाय लाभलेल्या ‘विल्डबीस्ट’ नामक प्राण्यांचे दहा लाखांहून अधिक संख्येचे स्थलांतर, मारामध्ये साधारणतः जुलै ते ऑक्टोबर ह्या काळात पोचलेले असते. म्हणजे आपल्या शाळा भरात असताना. दिवाळीची सुटी लवकर आली तर त्या मेळाव्याचे शेपूट कदाचित हाती लागेल, इतकेच.

ह्या स्थलांतराची गोष्ट आमच्या मुलांस मात्र मुळीच नवी वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरास पाणी आले, ती हकीकत त्यांनी ऐकून ऐकून पाठ केली आहे. येथे पाणी गाडीत बसून माणसांकडे आले, तेथे जनावरे चालत पाण्याकडे जातात. पाच वर्षांच्या मुलीने हा फरक एका दमात सांगितला.

तिसरी परीक्षा प्रकृतीची. मारा व सेरेंगेटी ह्या भागांत हिवतापाचे भय आहे. तेथे जाणाऱ्याने, आणि मुलांच्या बाबतीत तर अवश्य, वैद्यांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे लागते. ह्याखेरीज पीतज्वराचा प्रश्न आहे. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर भारतात उतरताच त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेविले जाऊ शकते. ही लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस अगोदर, सरकारमान्य केंद्रातच घ्यावयाची असते. नऊ महिन्यांखालील बालकास ती सामान्यतः देत नाहीत. आणि, जे पत्रकांत सहसा लिहिलेले नसते ते असे की, साठीपुढच्या माणसांस ती प्रथमच देताना अपाय होण्याचा संभव तरुणांपेक्षा अधिक असल्यामुळे वैद्य विचार करूनच देतात. आबांस मधुमेह आहे. आमच्या वैद्यांनी प्रकरण ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला, आणि ‘‘दुसरीकडे नाही का जाता येत?’’ असे विचारले.

दुसरीकडे जाता येते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या वायव्येस, मोटारीने अडीच-तीन तासांवर, पिलानेस्बर्ग नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे हिवताप नाही. देश पीतज्वराच्या यादीत नाही. मात्र विमान वाटेत नैरोबी अथवा आदिस अबाबा येथे बदलणार असेल, तर दाखला लागतो की नाही ह्याची चौकशी तिकिटे काढण्यापूर्वी करावी, कारण तासांच्या हिशेबावर नियम बदलतो. आपला मे-जून म्हणजे तेथील कोरडा हिवाळा. गवत खाली बसते, झाडे विरळ होतात, जनावरे पाणवठ्यांशी जमू लागतात, आणि सूर्य जूनमध्ये सातच्या सुमारास उगवतो. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व ज्यांनी मे महिन्यात ताडोब्यास जाण्यासाठी मुलांस पहाटे चार वाजता उठविले आहे त्यांसच कळेल. पहाटे थंडी मात्र कडक असते. बेचाळीस अंशांच्या उन्हातून निघताना पेटीत लोकरीचे कपडे भरणे वेडेपणाचे दिसते खरे, पण भरले पाहिजेत. तेथील घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागे आहे. म्हणून पहिले दोन दिवस मुले सूर्यास्ताबरोबर पेंगतील आणि मध्यरात्रीनंतर उठून खेळावयास मागतील. त्या दोन दिवसांत सायंकाळचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

ह्या स्थळाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पिलानेस्बर्ग म्हणजे शंभर कोटी वर्षांहूनही जुन्या अशा एका ज्वालामुखीचे झिजून उरलेले मूळ. डोंगरांची एकात एक अशी वर्तुळे, आणि मध्यभागी मांक्वे नावाचे धरण. आमची मुरुडची काळी माती ज्या दख्खनच्या लाव्ह्यापासून झाली तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ह्याच्या पुढे तान्हे बाळ. १९७९ पर्यंत ह्या डोंगरांत शेते व गुरे होती. त्या वर्षापासून सुमारे सहा हजार वन्य जनावरे निरनिराळ्या ठिकाणांहून आणून येथे सोडण्यात आली. अरण्य असे पुनः वसविता येते, ही गोष्टच मला मारातील गर्दीपेक्षा अधिक दाखविण्यासारखी वाटते.

त्यात हत्तींचे एक प्रकरण घडले, ते एकत्र कुटुंबातील वाचकांनी अवश्य ऐकावे. त्या काळी क्रूगर अरण्यात हत्तींची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी कळपांतील मोठे हत्ती मारीत असत. मागे राहिलेली पोरकी पिले पिलानेस्बर्गात आणली गेली. ती वडीलधाऱ्यांवाचून वाढली, आणि त्यांतील नर वयात येताच त्यांस मद लवकर चढू लागला व फार काळ टिकू लागला. १९९२ ते १९९७ ह्या अवधीत ह्या तरुण हत्तींनी चाळीसांहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. अखेर १९९८ मध्ये क्रूगरहून सहा प्रौढ नर आणून सोडले. त्यांच्या सहवासात तरुणांचा मद उतरला आणि गेंड्यांची हत्या थांबली. ‘नेचर’ ह्या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात २००० साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. रात्री जेवणाच्या पंगतीत मी ती वाचून दाखविली तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘तर मग मामंजींचे तिकीट सर्वांआधी काढा.’’ आबा काही बोलले नाहीत; ताटातला भात मात्र त्यांनी पुनः मागून घेतला.

मुलांच्या दृष्टीने ह्या उद्यानाची सोय अशी की, तेथे स्वतःची किंवा भाड्याची बंद मोटार घेऊन हिंडता येते. मोठमोठ्या निवासांच्या उघड्या गाड्यांत पुष्कळ ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांस घेत नाहीत, आणि पायी भटकंतीस तर बारा किंवा सोळा वर्षांची अट असते. हे नियम योग्यच आहेत. उघड्या गाडीत एकाएकी किंचाळणारे मूल हे त्याच्या स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवास धोका असते. आपल्या मोटारीत मात्र काचा वर करून रडू द्यावे, वाटले तर मागे फिरावे, कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. ठरवून दिलेल्या जागांखेरीज कोठेही गाडीबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, हा नियम तेवढा लोखंडी समजावा. मांक्वेच्या काठी लाकडी आडोसा बांधलेला आहे. त्यात बसून पाणघोडे व पक्षी पाहाता येतात, आणि मुलांस पाय मोकळे करावयास मिळतात. रहदारी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. तीन वर्षांखालील बालकास मोटारीत बालासनात बसविणे तेथे कायद्याने सक्तीचे आहे. त्याहून मोठ्यासही बसवावे हे शहाणपणाचे. लांब पाटलोणी व मोजे घालावेत, कारण गवतात गोचिडी असतात व त्यांच्यापासून ताप येतो.

उद्यानाच्या कडेस स्वयंपाकघरासह घरे भाड्याने मिळतात. शाकाहारी कुटुंबास ह्याहून मोठे सुख कोणते! डाळ, तांदूळ, पीठ, मसाले जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीतल्या दुकानांत मिळतात. येथून तुपाचे डबे, ताजी फळे किंवा बी-बियाणे नेण्याच्या फंदात पडू नये, त्यांवर निर्बंध आहेत. सुटीतही घरच्या बायकांनी चुलीपुढेच उभे राहावयाचे असेल, तर ती सुटी कोणाची, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी उपस्थित केला आणि तो रास्त होता. सायंकाळचा स्वयंपाक पुरुषांकडे, असा ठराव झाला आहे. दादांस खिचडी उत्तम साधते; मजकडे कोशिंबीर.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. आपल्या घरांत मूल काकाच्या अंगाखांद्यावर वाढते आणि कोणाबरोबरही गावास जाते. परदेशची सरकारे ह्या वात्सल्यास ओळखीत नाहीत. मूल आईबापांवाचून काका-काकूंबरोबर जाणार असेल, तर दोन्ही पालकांचे प्रतिज्ञापूर्वक संमतिपत्र लागते, आणि मुलाच्या जन्माचा दाखलाही. जन्मदाखल्यावरील, शाळेतील आणि पासपोर्टावरील नावाची इंग्रजी अक्षरे एकसारखी आहेत की नाहीत हे आजच ताडून पाहावे. दुरुस्तीस वेळ लागतो, व्हिसासही आठवडे जातात. आबांच्या पिढीत तर निम्म्या मराठवाड्याचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेने एक जूनला झालेला आहे. आबाही त्यांतलेच. प्रवासात त्यांचा हा सरकारी वाढदिवस येईल, असा सुमार दिसतो.

वडीलधाऱ्यांसाठी जोहान्सबर्गात एक दिवस राखून ठेवावा. तेथील जुन्या किल्ल्यातील तुरुंगात १९०८ साली गांधीजींस ठेविले होते. तो आज पाहाता येतो. नामदार गोखले १९१२ मध्ये त्या देशात गेले असता शहराजवळच्या टॉलस्टॉय फार्मवरही राहिले होते. मुले ह्या दिवशी कंटाळतील. कंटाळू द्यावीत.

तथापि विमानात बसण्यापूर्वी एक तालीम घरच्याच मुलखात झाली पाहिजे, ह्याबद्दल मी आग्रही आहे. बार्शीच्याच रस्त्याने पश्चिमेस गेले की ढोकीच्या पलीकडे येडशी लागते, आणि तेथे बालाघाटाच्या घळईत रामलिंगाचे देवालय व त्याभोवतीचे छोटेसे अभयारण्य आहे. पावसाळ्यात धबधबा कोसळत असतो, वानरे हातातला प्रसाद हिसकावतात, मोर ओरडतात. अरण्यात आवाज केला नाही तर काय ऐकू येते, हे मुलांनी प्रथम येथे शिकावे. तेथेच जटायूची समाधी म्हणून एक जागा दाखवितात. आमच्या चारही मुलांनी ती पाहिली आहे. गिधाड मात्र एकानेही पाहिलेले नाही. गुरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नामक औषधाने मेलेल्या जनावरांचे मांस विषारी होई, व ते खाऊन आपल्या देशातील बहुतेक सारी गिधाडे मेली. हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध वापरण्यास बंदी झाली. तोवर आकाश रिकामे झाले होते. पिलानेस्बर्गाहून फार दूर नसलेल्या मगालीसबर्ग डोंगराच्या कड्यांवर केप जातीच्या गिधाडांच्या वसाहती अद्याप आहेत. सिंह दिसो वा न दिसो, आभाळात फिरणारे गिधाड मुलांस दाखवावयाचेच, असे आईने बजावून ठेविले आहे. तिच्या लहानपणी ती गावाबाहेर ओढ्याकाठी बसलेली असत.

दुसरी तालीम नान्नजची. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या ह्या गवताळ माळास माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केले. माळढोक आता तेथे दिसणे म्हणजे नवल. पण काळविटांचे कळप दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगाही. आफ्रिकेतल्या कुरणाची कल्पना येण्यास महाराष्ट्रात ह्यासारखे ठिकाण नाही. अशाच माळांवर पूर्वी पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत. देशातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर व भावनगर ह्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणविले होते, हे ऐकून मुले चकित होतात. २०२२ मध्ये कुनोस नामिबियाहून चित्ते आले, ही तर त्यांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट.

येत्या मार्गशीर्षात नान्नजास जावयाचे ठरले आहे. गाडीत दोन तास, बाहेर न उतरता, हळू आवाजात. जेवणाचा डबा गाडीतच. अकरा वर्षांच्याने टिपणवही ठेवावयाची, आठ वर्षांच्याने दुर्बीण सांभाळावयाची, पाच वर्षांचीने शिंगे मोजावयाची. धाकट्याकडे तूर्त एकच काम आहे, ते बालासनात बसण्याचे. लातूरपर्यंत तो बसतो. परतताना आजीच्या मांडीवर असतो.